लॅटिन घेऊन पदवी करताना: पहिल्या धड्यापासून व्हर्जिलपर्यंत

लॅटिन घेऊन पदवी करायची म्हटली की धास्ती वाटते ती पहिल्या वर्षाची. विभक्त्या, क्रियापदांचे तक्ते, पाठांतर. पण नेटाने बसणाऱ्याचे पहिले वर्ष सहसा पार पडते. खरी दमछाक होते ती पाठ्यपुस्तक संपून रोमन सेनापती सीझर किंवा वक्ता सिसेरो यांचे मूळ लिखाण हातात येते तेव्हा. तक्ते तोंडपाठ असतात, परीक्षेत गुणही चांगले पडलेले असतात, आणि तरी चार ओळींना तास-दीड तास लागतो. कारण वर्षभर वाक्य ‘सोडवायची’ सवय लागलेली असते. आधी क्रियापद शोधायचे, मग कर्ता, मग कर्म, आणि उरलेले शब्द कुठेतरी बसवायचे. छोट्या वाक्यांत हे खपून जाते, सिसेरोच्या आठ ओळींच्या वाक्यात नाही. म्हणून खाली जे सांगतो आहे त्यातला बराच भाग एकाच गोष्टीभोवती फिरतो: लॅटिन डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने लिहिले आहे त्याच क्रमाने वाचायला कसे शिकायचे.

प्रवेश घेण्याआधी

विभागाच्या नावावर जाऊ नका. ‘क्लासिक्स’, ‘क्लासिकल स्टडीज’, ‘क्लासिकल सिव्हिलायझेशन’ अशी नावे सारखीच वाटतात, पण काही अभ्यासक्रमांत सगळे साहित्य भाषांतरातून वाचतात आणि भाषा ऐच्छिक असते. अभ्यासपत्रिका मागवा आणि तीन गोष्टी पाहा. दर आठवड्याला भाषेचे तास किती, मूळ लॅटिनमधून कोणते ग्रंथ आणि त्यांतला किती भाग नेमला आहे, आणि ग्रीक सक्तीचे आहे का. शाळेत लॅटिन झाले नसेल तर घाबरायचे कारण नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे लॅटिनचा गंधही नसलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. केंब्रिजमध्ये त्यासाठी पदवीला एक वर्ष वाढवून चार वर्षांचा अभ्यासक्रम ठेवलेला आहे. इतर अनेक विद्यापीठांतही अगदी मुळापासूनचे वर्ग असतात. अशा वर्गात एका वर्षात सगळे व्याकरण उरकतात, त्यामुळे पहिल्या सत्रात बाकीचे विषय हलके घेता आले तर घ्यावेत.

उच्चार आणि स्वरांची लांबी

उच्चाराच्या दोन परंपरा आहेत. अभिजात, म्हणजे सिसेरोच्या काळातल्या उच्चाराच्या जवळ जाणारी, आणि चर्चमध्ये चालत आलेली, इटालियन वळणाची. पहिलीत ‘सिसेरो’ हे नाव ‘किकेरो’ होते, दुसरीत ‘चिचेरो’. महाविद्यालयांत बहुधा पहिली शिकवतात. कोणतीही धरा, पण एकच धरा आणि पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वर ऱ्हस्व की दीर्घ. पाठ्यपुस्तकात दीर्घ स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ असते, तिच्याकडे काणाडोळा करू नका. ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक आणि ‘लीबेर’ म्हणजे मुक्त. ‘पुएल्ला’मधला शेवटचा स्वर ऱ्हस्व असेल तर ती मुलगी वाक्याची कर्ती असते. तोच दीर्घ असेल तर ॲब्लेटिव्ह विभक्ती होते आणि वाक्याचा अर्थच पालटतो. देवनागरीत टिपणे काढत असाल तर एक अडचण लक्षात ठेवा. इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक आपली लिपी दाखवते, पण लॅटिनमध्ये आ, ए आणि ओ हेही ऱ्हस्व-दीर्घ असतात आणि ते दाखवायची सोय आपल्याकडे नाही. तेव्हा शब्द रोमन लिपीतच, रेघेसकट लिहून ठेवा. पुढे पद्य वाचताना याच रेघा कामाला येतात. ज्याने त्या सोडल्या त्याला सगळे शब्द दुसऱ्यांदा शिकावे लागतात.

पहिले वर्ष: तक्ते कसे पाठ करायचे

नामांचे पाच वर्ग, क्रियापदांचे चार, तीन लिंगे, दोन वचने, सहा काळ. ज्याने शाळेत संस्कृत केले आहे त्याला हा सांगाडा ओळखीचा वाटेल, आणि वाटायलाच हवा, दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आहेत. द्विवचन नाही, विभक्त्या संबोधन धरून सहा. फक्त ॲब्लेटिव्हला ‘पंचमी’ म्हणून मोकळे होऊ नका. लॅटिनमध्ये तृतीयेचे आणि सप्तमीचेही बरेचसे काम याच विभक्तीने अंगावर घेतले आहे. ‘कडून’, ‘ने’, ‘मध्ये’, ‘सह’ असे चार-पाच अर्थ मनात तयार ठेवूनच तिच्याकडे बघावे लागते. जुन्या सप्तमीचे थोडे अवशेष तेवढे उरलेत: ‘रोमाए’ म्हणजे रोममध्ये, ‘दोमी’ म्हणजे घरी.

संस्कृतवाल्यांना एक मोठी सवलतही मिळते. ‘रामे वनं गते’ ही सति सप्तमी ज्याला कळते त्याला लॅटिनचा ‘उर्बे काप्ता’ हा प्रयोग, म्हणजे ‘शहर काबीज झाल्यावर’, वेगळा शिकवावा लागत नाही. नाम आणि कृदन्त दोन्ही एकाच विभक्तीत घालून मुख्य वाक्यापासून सुटा ठेवलेला तुकडा, एवढेच ते. तिथे सप्तमी, इथे ॲब्लेटिव्ह.

तक्ता वरून खाली घडाघडा म्हणता येणे ही फक्त सुरुवात आहे. वाचताना तक्ता वरून खाली येत नाही, मधलाच एखादा प्रत्यय समोर येऊन उभा राहतो. ‘पुएल्लाए’ हे रूप घ्या. ते ‘मुलीचे’ असू शकते, ‘मुलीला’ असू शकते, ‘मुली’ असे अनेकवचनी कर्तेही असू शकते. म्हणून पाठांतर झाले की सराव उलटा करा. निरनिराळ्या वर्गांतली रूपे मिसळून लिहा आणि प्रत्येकासमोर त्याच्या सगळ्या शक्यता मांडा. एकच उत्तर लिहून पुढे जाऊ नका. अनेक शक्यता मनात धरून ठेवायची आणि पुढचा शब्द आला की त्यातल्या खोडायच्या, याच सवयीवर पुढचे सगळे वाचन उभे राहते.

क्रियापदाची चारही मुख्य रूपे एकत्रच पाठ करा. ‘फेरो, फेर्रे, तुली, लातुम’, म्हणजे वाहून नेणे. शब्दकोशात नोंद ‘फेरो’खाली असते. संहितेत ‘तुलित’ आले आणि चार रूपे माहीत नसली तर तुम्ही ‘तु’मध्ये शोधत बसाल.

शब्दसंग्रहासाठी डिकिन्सन कॉलेजने तयार केलेली हजार शब्दांची यादी वापरा, ती इंटरनेटवर मोफत आहे. सर्वसाधारण लॅटिन मजकुरातली सुमारे ७० टक्के शब्दरूपे या हजार शब्दांतून येतात असा तिच्या कर्त्यांचा हिशोब आहे. दुसऱ्या वर्षाच्या आत ती पुरी करा. दुर्मिळ शब्दासाठी कोश उघडायला कुणाची हरकत नसते, पण ‘तामेन’ (तरीही) किंवा ‘क्विदेम’ (निदान, खरे तर) यांसाठी दर वेळी कोश उघडावा लागला तर वाचनाची लयच तुटते.

पाठ्यपुस्तक बहुधा विभागच ठरवतो. १९५६ साली पहिल्यांदा निघालेले व्हीलॉकचे पुस्तक अजूनही पुष्कळ ठिकाणी चालते. त्यात आधी नियम, मग वाक्ये. डॅनिश शिक्षक हान्स ओर्बेर्ग यांची वाट अगदी वेगळी. त्यांच्या पुस्तकात पहिल्या ओळीपासून फक्त लॅटिन आहे, एका रोमन कुटुंबाची गोष्ट पुढे सरकते आणि शब्दांचा अर्थ संदर्भातून, चित्रांतून उलगडत जातो. माझे मत विचाराल तर वर्गात नियमांचे पुस्तक असेल तर घरी ओर्बेर्ग वाचाच. नियमांच्या पुस्तकात पुरेसे वाचन नसते, आणि नुसते ओर्बेर्ग वाचून परीक्षेला लागणारी काटेकोर परिभाषा येत नाही. दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात.

मूळ संहिता: वाक्य आहे त्या क्रमाने वाचणे

गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, तिथल्या युद्धाच्या सीझरच्या वृत्तांताचे पहिले वाक्य घेऊ.

‘गाल्लिया एस्त ओम्निस दीवीसा इन पार्तेस त्रेस, क्वारुम ऊनाम इन्कोलुन्त बेल्गाए, आलियाम आक्वीतानी, तेर्तियाम क्वी इप्सोरुम लिंग्वा केल्ताए, नोस्त्रा गाल्ली आप्पेल्लान्तुर.’

पहिला तुकडा सरळ आहे: सबंध गॉल तीन भागांत विभागलेला आहे. पुढे ‘क्वारुम’. स्त्रीलिंगी, अनेकवचनी षष्ठी, म्हणजे ‘ज्यांपैकी’. कशांपैकी? मागे स्त्रीलिंगी अनेकवचन एकच आहे, ‘पार्तेस’, भाग. मग ‘ऊनाम’: एक, पण द्वितीयेत. इथे थांबून स्वतःला सांगा की कर्म आले, कर्ता अजून यायचा आहे, आणि या कर्माचे काहीतरी करणारे क्रियापदही. लगेच ‘इन्कोलुन्त’, वस्ती करून राहतात. अनेकवचन आहे, तेव्हा कर्ता अनेकवचनी असणार. आणि तो आलाच: ‘बेल्गाए’. ज्यांपैकी एका भागात बेल्गी लोक राहतात.

‘आलियाम आक्वीतानी’. पुन्हा द्वितीया, पुन्हा अनेकवचनी कर्ता, पण क्रियापद नाही. ते आधीच्या तुकड्यातून आपण चालू ठेवायचे: दुसऱ्या भागात अक्विटानी. मग ‘तेर्तियाम’, तिसरा भाग, आणि त्यामागे कर्त्याऐवजी येतो ‘क्वी’, म्हणजे ‘जे’. ‘जे’चा जोडीदार ‘ते’ सीझरने लिहिलेलाच नाही. ज्याने क्रम पाळला तो इथे गोंधळत नाही, कारण कर्त्याची जागा रिकामी आहे हे त्याने ओळखलेले असते आणि हे सबंध ‘क्वी’ वाक्यच ती जागा भरणार हे त्याला दिसते. तिसऱ्या भागात ते राहतात, ज्यांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत केल्ट आणि आमच्या भाषेत गॉल म्हणतात. ‘नोस्त्रा’पुढचे ‘लिंग्वा’ही गाळलेले आहे. सगळ्यात शेवटी ‘आप्पेल्लान्तुर’, म्हटले जातात, येऊन सगळे बंद करते.

प्रत्येक शब्दाशी तीन प्रश्न: हे रूप काय काय असू शकते, मागच्या शब्दांशी त्याचा काय संबंध, आणि त्यामुळे पुढे काय यायला हवे. सुरुवातीला हे फार सावकाश होते. रोज पाच-सहा ओळी अशा घ्या, बाकीचा नेमलेला भाग तुमच्या नेहमीच्या रीतीने उरका. काही आठवड्यांत मेंदू हे प्रश्न आपोआप विचारू लागतो.

आता तासाची तयारी. संहितेच्या ओळींमध्ये अर्थ लिहू नका. एकदा तो लिहिला की वर्गात डोळा लॅटिनवर न पडता त्या अर्थावर पडतो आणि वाचन तिथेच थांबते. शब्द वहीत वेगळे लिहा, संहिता कोरी ठेवा. आणि तास झाल्यावर, त्याच दिवशी, तो उतारा कोऱ्या पानावरून पुन्हा मोठ्याने वाचा. हे दुसरे वाचन पाव तासात होते आणि बहुतेक विद्यार्थी नेमके तेच सोडून देतात. पहिल्या वाचनात उताऱ्याची उकल होते. भाषा अंगात मुरते ती दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात.

छापील भाषांतराला हात लावायचा नाही, असे सांगणारे शिक्षक असतात. मी इतका कडक नाही. १९११ मध्ये सुरू झालेल्या लोब मालेत डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी असते. लॅटिन पुस्तके लाल बांधणीची, ग्रीक हिरव्या. स्वतःचा प्रयत्न पुरा झाल्यावर तपासायला ती उत्तम. मात्र तपासताना फरक कुठे पडला आणि कोणत्या रूपामुळे पडला ते वहीत लिहा. टफ्ट्स विद्यापीठाचा पर्सियस संग्रह शब्दावर टिचकी मारली की त्याची सगळी संभाव्य रूपे दाखवतो. तीही सोय चांगलीच, पण आधी स्वतः अंदाज बांधून मगच टिचकी मारा.

पद्य: लघु-गुरू येत असतील तर अर्धे काम झाले

लॅटिन छंद आघातावर चालत नाही, मात्रांवर चालतो. नियमही आपल्या ओळखीचे: दीर्घ स्वराचे अक्षर गुरू आणि ऱ्हस्व स्वरापुढे दोन व्यंजने आली तरी गुरू. महाकाव्याच्या हेक्झामीटरमध्ये सहा गण असतात, प्रत्येक गण चार मात्रांचा. तो एकतर गुरू-लघु-लघु, म्हणजे आपला भ गण, किंवा दोन गुरू. पाचवा गण बहुतेक वेळा भ गणच असतो. सहावा दोनच अक्षरांचा, आणि त्याचे शेवटचे अक्षर लघु असले तरी चालते.

व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्याची पहिली ओळ अशी: ‘आर्मा विरुमक्वे कानो, त्रोयाए क्वी प्रीमुस आब ओरीस’. पहिल्या गणातले ‘मा’, दुसऱ्यातले ‘क्वे’ आणि ‘का’, आणि पाचव्यातले ‘आब’ मूळ उच्चारात ऱ्हस्व आहेत. मग गण पडतात असे: गुरू लघु लघु, गुरू लघु लघु, गुरू गुरू, गुरू गुरू, गुरू लघु लघु, गुरू गुरू. नवख्याला चकवते ती एकच गोष्ट. शब्दाच्या शेवटी स्वर किंवा ‘म्’ असेल आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर आधीचा स्वर गिळला जातो. त्याला इलिजन म्हणतात. ओळीत अक्षरे जास्त होताहेत असे वाटले की आधी तेच शोधा.

पहिल्या पन्नासेक ओळी पेन्सिलीने खुणा करून मांडा. नंतर खुणा सोडा आणि ताल धरून म्हणा. कान तयार झाला की छंद उलट तुम्हालाच मदत करू लागतो: प्रत्ययातला स्वर दीर्घ हे छंदावरून कळते आणि विभक्तीचा संशय फिटतो.

साहित्याचा अभ्यास आणि निबंध

भाषांतर बरोबर आले म्हणजे उतारा समजला, असे विभाग मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. रोमन कवी काटुल्लुसची ८५ क्रमांकाची कविता फक्त दोन ओळींची आहे.

‘ओदी एत आमो. क्वारे इद फाकियाम, फोर्तास्से रेक्वीरिस.
नेस्कियो, सेद फिएरी सेन्तियो एत एक्स्क्रुकिओर.’

द्वेष करतो आणि प्रेम करतो. असे का करतो, विचारशील कदाचित. माहीत नाही, पण तसे घडते आहे हे जाणवते आणि यातना होतात. आता क्रियापदे मोजा: आठ. नाम एकही नाही, विशेषणही नाही. पहिल्या ओळीत ‘फाकियाम’, मी करतो. दुसऱ्या ओळीत त्याच क्रियापदाचे कर्मणी रूप ‘फिएरी’, घडणे. विचारणाऱ्याला वाटते की हा माणूस काहीतरी करतो आहे, आणि उत्तर येते की त्याच्या बाबतीत ते होते आहे. सुरुवातीची कर्तरी क्रियापदे शेवटी ‘एक्स्क्रुकिओर’ या कर्मणी रूपावर येऊन पोचतात, आणि त्या शब्दात ‘क्रुक्स’, वधस्तंभ, दडलेला आहे. निबंध लिहायचा तो अशा निरीक्षणावरून. कवीच्या चरित्रापासून आणि प्रेयसीच्या ओळखीपासून सुरू होणारे निबंध परीक्षकाने शेकड्याने वाचलेले असतात. आधी रूपांकडे बघा, मग मत बनवा, आणि टीकाकार वाचायचे ते त्यानंतर.

सटीप आवृत्तीशिवाय मूळ ग्रंथ वाचायला घेऊ नका. पदवीच्या शेवटच्या टप्प्यात पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले पाठभेदही वाचायला शिका. काटुल्लुसचेच उदाहरण पुरेसे आहे. सन १३००च्या सुमारास व्हेरोना येथे उजेडात आलेल्या एका हस्तलिखितामुळे त्याच्या जवळजवळ सगळ्या कविता बचावल्या. ते हस्तलिखितही पुढे हरवले. आज संपादकांच्या हाती आहेत त्या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या तीन मुख्य प्रती: एक ऑक्सफर्डला, एक पॅरिसला, एक व्हॅटिकनमध्ये. आपण जी ओळ काटुल्लुसची म्हणून वाचतो ती काही ठिकाणी संपादकाने सावरलेली असते. निबंधात एखाद्या शब्दावर भार टाकण्याआधी तो शब्द निर्विवाद आहे का, हे तळटीपेत पाहून घ्या.

कोणाला कधी वाचायचे

परंपरेने पहिला येतो सीझर. त्याचे गद्य स्वच्छ आहे, पण युद्धात रस नसेल तर कंटाळा येतो. अशांनी धाकट्या प्लिनीची पत्रे घ्यावीत. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, त्यात त्याचे मामा गेले. ते सगळे त्याने इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रांतून कळवले, आणि ती पत्रे वाचताना व्याकरणाचा ताण जाणवत नाही. सुट्टीत सोपे काही भरभर वाचायचे असेल तर जेरोमचे लॅटिन बायबल काढा, वाक्ये छोटी असतात. त्यानंतर सिसेरोचे कटवाल्या कॅटिलाइनविरुद्धचे पहिले भाषण, ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मधल्या एक-दोन कथा आणि मग ‘इनीड’चा दुसरा किंवा चौथा सर्ग. कवी होरेस आणि टॅसिटस शेवटच्या वर्षापर्यंत थांबू द्या. दोघेही कमीत कमी शब्दांत लिहितात, आणि गाळलेले शब्द भरून घ्यायला आधी पुष्कळ वाचलेले लागते.

न पाहिलेला उतारा

बहुतेक परीक्षांत पूर्वी न वाचलेला उतारा भाषांतराला असतो. कागद मिळाल्यावर लगेच लिहायला लागू नका. उताऱ्यावरची प्रस्तावनेची ओळ नीट वाचा, तिच्यात प्रसंग दिलेला असतो. मग सबंध उतारा अडखळत का होईना, शेवटपर्यंत दोनदा वाचा. अनोळखी शब्दाला खूण करून पुढे जा, पुष्कळदा तिसऱ्या ओळीत पहिल्या ओळीचा उलगडा होतो. लिहिताना शब्दाचा अर्थ येत नसला तरी त्याचे रूप पाळा. काळ, वचन, प्रयोग बरोबर ठेवून केलेला अंदाज परीक्षकाला पटतो. अर्थ जुळतो म्हणून रूप वाकवले तर पटत नाही. या प्रश्नाची तयारी शेवटच्या महिन्यात होत नाही. आठवड्याला एक, घड्याळ लावून, पहिल्या सत्रापासून.

मराठीतून किंवा इंग्रजीतून लॅटिनमध्ये भाषांतर करायचा ऐच्छिक पेपर असेल तर तो घ्या. नावडता असतो, गुणही कमी पडतात. पण अप्रत्यक्ष कथनात कर्ता द्वितीयेत का जातो, हे तसे वाक्य स्वतः रचल्याशिवाय पक्के होत नाही.

पुढे संशोधन करायचे असल्यास

ग्रीक लवकर सुरू करा, शक्यतो दुसऱ्या वर्षीच. त्याच्या मागोमाग वाचण्यापुरते जर्मन, मग फ्रेंच किंवा इटालियन, कारण अनेक टीकाग्रंथ या भाषांत आहेत आणि डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला ते मुळातून वाचावे लागतात. शिलालेख आणि हस्तलिखितांची लिपी यांचे छोटे अभ्यासक्रम मिळाले तर सोडू नका. मध्ययुगीन इतिहास, कायद्याचा इतिहास आणि अभिलेखागारे यांत लॅटिन येणाऱ्या माणसाला काम असते. कोशाचेच बघा: म्युनिकमध्ये १८९४ पासून सुरू असलेला लॅटिनचा महाकोश अजून पुरा झालेला नाही, आणि तिथे अजूनही माणसे रोज एकेका शब्दाचे सगळे दाखले तपासत बसलेली असतात.